सायरन वाजत होता, तरी धडक बसलीच. अँब्युलन्स आणि बंबांचे अपघात नेमके कशाने होतात?

बांद्याचा_काजू | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, पंधरा दिवस हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा (वय ७६) पावसात अंगणातल्या शेवाळावरून घसरून पडले. खुबा मोडला. सावंतवाडीत एक्स-रे झाला आणि डॉक्टर म्हणाले, बांबोळीला न्या. सिंधुदुर्गातल्या लोकांना हे वाक्य पाठ असतं. आमच्याकडे काही मोठं झालं की गोमेकॉ, म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. खासगी अँब्युलन्स ठरवली. मागे अण्णा स्ट्रेचरवर, शेजारी आत्या आणि अँब्युलन्ससोबतचा पोरगा, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला मी. पत्रादेवी ओलांडली, पेडणे, धारगळ, कोलवाळ, सगळं नीट. सायरन चालू.

म्हापशाच्या पुढे एका सिग्नलला आम्हाला लाल होता. उजवीकडून येणारी एक बस आम्हाला बघून थांबली. त्या बसड्रायव्हरने हात बाहेर काढून 'जा' म्हणून खूणसुद्धा केली. तो हात मला अजून दिसतो, मनगटाला लाल दोरा होता. आमच्या ड्रायव्हरने गाडी पुढे काढली. बसचं तोंड ओलांडलं आणि बसच्या पलीकडच्या लेनमधून एक पिकअप सरळ आली. तिला हिरवा होता. आमच्या उजव्या बाजूला, मागच्या चाकापाशी बसली. गाडी अर्धी फिरली आणि दुभाजकाला टेकून थांबली.

अण्णांना स्ट्रेचरचे पट्टे होते, त्यांना नवीन काही लागलं नाही, कळ मात्र भयंकर आली. आत्याच्या कपाळाला चार टाके. सोबतच्या पोराचा हात मोडला. तो उभा राहून सलाईनची बाटली बघत होता, उडून सिलिंडरवर पडला. मग १०८ आली आणि अण्णांना पुढे घेऊन गेली.

पिकअपवाला पंचनाम्याच्या वेळी एकच सांगत होता, "सायबा, म्हाका आयकूंकच येवंक ना." ऐकूच आलं नाही म्हणे. जमलेला प्रत्येक जण त्याला खोटारडा म्हणत होता. मीही म्हणालो. आता खात्री वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं? असे अपघात होतात ते कशाकशाने?


मांडवी_पूल | सोमवार, रात्री ९.५८

अण्णांना आणि आत्यांना लवकर बरं वाटो.

बाकी यात विचार करण्यासारखं काय आहे? लोकांना अक्कल नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ई आलंय. अँब्युलन्सला किंवा बंबाला वाट दिली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दहा जणांकडून वसूल करा, अकरावा आपोआप बाजूला होईल.


फेरीबोट | सोमवार, रात्री १०.०५

+१. रेंटच्या स्कूटरवाल्यांपासून सुरुवात करा. सायरन ऐकला की रस्त्याच्या मधोमध थांबून मोबाईलवर मॅप बघतात.


डेसिबल_दादा | सोमवार, रात्री ११.२०

मला तो पिकअपवाला खोटा वाटत नाही. ध्वनी हा माझा रोजचा धंदा आहे (लग्न, जत्रा, नाटकं), तेव्हा थोडा हिशोब मांडतो.

सायरनपासून तीन मीटरवर साधारण ११५ डेसिबल आवाज धरू. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. सहा मीटरवर १०९, बारावर १०३, चोवीसवर ९७, अठ्ठेचाळीसवर ९१. आता पिकअपच्या काचा वर करा, पाऊस होता म्हणजे त्या वरच असणार. त्यात २५-३० गेले. म्हणजे अठ्ठेचाळीस मीटरवर आतल्या माणसाच्या कानाशी उरले ६०-६५. तिथे टपावर पाऊस, वायपर, इंजिन, एसीचा पंखा मिळून आधीच ७० च्या आसपास. वर गाणी लावली असतील तर विषयच संपला. म्हणजे सायरन कानावर पडायला पंचवीस-तीस मीटरच्या आत यावं लागतं.

हे सरळ समोरून आलेल्या आवाजाचं झालं. सायरनचा भोंगा पुढे तोंड करून असतो, आडव्या रस्त्यावरच्याला त्याच्या कुशीचा आवाज मिळतो. इथे तर मध्ये आख्खी बस उभी. बस म्हणजे आवाजाला भिंतच, आणि नजरेलाही.

आता पिकअप ताशी ५० ने आली असं धरा, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. ऐकून, समजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, त्यात २१ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी पंचवीसेक. एकूण ४५ मीटर लागतात आणि ऐकू येतं पंचवीस-तीस मीटरवर. त्याने कितीही मनापासून ब्रेक मारला असता तरी धडक बसलीच असती.

दंड दहा हजार करा नाहीतर दहा लाख, हे अंतर वाढत नाही.


मांडवी_पूल | सोमवार, रात्री ११.३१

बरं, ऐकू आलं नसेल. पण बस थांबलेली दिसली ना? हिरव्या सिग्नलला बस का थांबली, असा प्रश्न पडू नये माणसाला?


डेसिबल_दादा | सोमवार, रात्री ११.३६

आपल्याकडे बस कुठेही थांबते. प्रवासी घ्यायला थांबली असेल, असंच कोणालाही वाटणार.


निवृत्त_पायलट | मंगळवार, सकाळी ६.१५

नमस्कार. मी १५ वर्षं अँब्युलन्स चालवली. आधी खासगी, मग सरकारी योजनेत. या नोकरीत ड्रायव्हरला 'पायलट' म्हणतात. गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा. सासुरवाडीला कळलं जावई पायलट झाला तेव्हा मेव्हण्याने विचारलं, 'पणजीच्या कुठल्या स्टँडवर उभा राहतोस?'

काजूभाऊंनी सांगितलेला अपघात आमच्या धंद्यात सगळ्यात जुना. वाट देणारा पहिला माणूस, तोच घात करतो. बिचाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तो हात दाखवतो तो स्वतःच्या लेनपुरता, शेजारच्या लेनचा मुखत्यार तो नव्हे. जुन्या लोकांनी मला शिकवलं होतं की लाल सिग्नलला अँब्युलन्सनेही आधी थांबायचं, मग एकेक लेन 'मागून' घ्यायची. पहिली लेन थांबली, डोळ्यांत डोळे घालून बघितलं, नाक पुढे. दुसरी लेन थांबली, पुन्हा नाक पुढे. कायद्यातही लाल सिग्नल ओलांडायची सवलत आहे ती 'योग्य ती काळजी घेऊन' या अटीवर. ती अट कोणी वाचत नाही.

आणि का थांबत नाही तेही सांगतो, कारण नुसता ड्रायव्हरला दोष देऊन चालणार नाही. सायरन स्वतः वाजवणाऱ्यावरच पहिला चढतो. बाहेरच्यापेक्षा जास्त तो केबिनमध्ये ऐकू येतो. पाच मिनिटांनी छाती धडधडते, पाय आपोआप दाबला जातो, आणि समोरचे सगळे आपल्याला बघतायत असं वाटायला लागतं. त्यात मागची खिडकी सरकवून नातेवाईक ओरडत असतात, 'बेगीन मार रे, बेगीन!' (लवकर हाण). माझ्या पाठीत एका बाईने बुक्के मारले होते. तिचा मुलगा मागे होता. तिला काय म्हणणार?

तिसरी गोष्ट गाडी. बहुतेक अँब्युलन्स म्हणजे प्रवासी किंवा मालाच्या गाडीच्या चासीवर बांधलेला डबा. आत स्ट्रेचर, सिलिंडर, कपाटं, एसी, वर पाच-सहा माणसं. वजन वर चढतं. कारसारखं वळण घ्यायला गेलात की डुलते, आणि डुलली की आतला माणूस, जो उभा राहून काहीतरी करतोय, तो जातो. चोर्ला घाट उतरताना ब्रेक तापून पॅडल मऊ पडलेलं मी दोनदा अनुभवलंय. तेव्हापासून घाटात गिअर सोडला नाही, पेशंटचे लोक शिव्या देवोत.

बारा तासांची ड्युटी, आणि बदली आला नाही तर पुढचे बारा. पहाटे चारला जो कॉल येतो त्याच्यावर डोळे उघडे असतात, माणूस झोपलेला असतो.


बिनसाखर_चहा | मंगळवार, सकाळी ८.०२

काका, एक विचारतो, राग मानू नका. रिकामी अँब्युलन्स सायरन वाजवत जाताना कितीदा दिसते. मग लोकांचा विश्वास कसा राहणार?


निवृत्त_पायलट | मंगळवार, सकाळी ८.४०

राग कसला. रिकामी दिसते ती बरेचदा पेशंटला आणायला निघालेली असते, तेव्हा सायरन लागतोच. पण जेवायची वेळ गाठायला मीही एकदोनदा वाजवला आहे. खोटं कशाला बोलू.


मिरगाचो_पावस | मंगळवार, सकाळी ९.१५

आमच्या घरचा एक अपघात सांगते, जो कुठल्याच हिशोबात येत नाही.

माझी नणंद स्कूटरवरून फोंड्याला कामाला जाते. गेल्या जुलैत कुर्टीजवळ मागून सायरन आला. तिने शहाण्यासारखी स्कूटर डावीकडे घेतली. डावीकडे डांबर संपून खाली लाल चिखल, वीतभर खोल. पुढचं चाक उतरलं आणि ती गटारात. पायाला प्लास्टर, सहा आठवडे घरी. अँब्युलन्स पुढे निघून गेली, त्यांना कळलंही नसेल. पोलिसांत नोंद 'स्वतः घसरून पडली' अशी.

तिने तर वाट दिली होती. दहा हजारवाल्यांनी आता सांगावं, द्यायची कुठे?


डॉ_कुळागर | मंगळवार, दुपारी २.३०

ड्युटीवरून आले आणि धागा वाचला. मिरगाचो_पावस, तुमच्या नणंदेच्या अपघाताला आमच्या अभ्यासात वेगळं नाव आहे. बोट गेली की मागे लाटा उठतात आणि काठावरची होडी उलटते, तसे हे अपघात. अँब्युलन्सला ओरखडाही नसतो. हे मोजले जात नाहीत, म्हणून सगळे आकडे खऱ्यापेक्षा कमीच समजायचे.

आकड्यांवरून. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने १९९२ ते २०११ अशा वीस वर्षांची पाहणी केली होती. वर्षाला सरासरी ४,५०० अपघात असे, की ज्यांत अँब्युलन्स होती, आणि सरासरी ३३ मृत्यू. मृतांपैकी ६३ टक्के समोरच्या वाहनातले. म्हणजे ज्यांचा त्या आजारपणाशी काही संबंध नव्हता.

दुसरा अभ्यास २०१६ च्या तिथल्याच नोंदींवरचा, २०१९ मध्ये छापून आलेला. पेशंटकडे जाताना सायरन-दिवे नसतील तर दर लाख फेऱ्यांमागे ४.६ अपघात, असतील तर ५.४. फार फरक नाही. पण पेशंट घेऊन हॉस्पिटलकडे येताना सायरनशिवाय ७.० आणि सायरनसह १७.१. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला. पेशंट आत असताना दुपटीहून जास्त. काकांनी पाठीतल्या बुक्क्यांचं सांगितलं तेव्हा मला हाच आकडा आठवला.

आणि मिळतं काय? नॉर्थ कॅरोलिनात १९९५ मध्ये मोजलं होतं. सायरनने वाचलेला वेळ सरासरी ४३.५ सेकंद. दुसऱ्या ठिकाणी दीड-दोन मिनिटं, कुठे तीन. ज्याचं हृदय बंद पडलंय, घशात काही अडकून श्वास थांबलाय, रक्त थांबत नाहीये, नाग-मण्यार चावून श्वास मंदावलाय, त्याच्यासाठी ही मिनिटं सोन्याची. अर्धांगवायूतही वेळ महत्त्वाचा. पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पेशंटना तीन मिनिटं उशिराने काहीही फरक पडत नाही. त्यांना हादरे कमी बसलेले जास्त उपयोगाचे.

आत काम करणाऱ्यांबद्दलही. चालत्या गाडीत छाती दाबणं म्हणजे दोन्ही हात पेशंटवर, स्वतःला धरायला काही नाही. पट्टा लावला तर हात पोचत नाही, नाही लावला तर माणूस म्हणजे सैल सामान. आपल्या अँब्युलन्सच्या मानकात, एआयएस-१२५ मध्ये, मागच्या सीटनाही पट्टे आहेत. माझ्या पाहण्यात ते पट्टे बहुतेक गादीच्या फटीत खुपसलेले असतात. काजू, तुमच्या त्या पोराचा हात म्हणूनच मोडला.


फेरीबोट | मंगळवार, दुपारी ३.१०

डॉक्टर, आदर ठेवून सांगतो, हे अमेरिकेचं झालं. तिथे वाहनं लेनमध्ये चालतात. इथे शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात सायरनशिवाय अँब्युलन्स घालून बघा. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे रस्ता वळवलेला, त्यात गाड्यांची रांग. सायरन बंद केला तर पेशंट तिथेच जुना होईल.


डॉ_कुळागर | मंगळवार, दुपारी ३.२५

बरोबर आहे, आणि मी सरसकट बंद करा म्हणत नाही. कोंडीत सायरन म्हणजे विनंती आहे, गाड्या मुंगीच्या वेगाने सरकतायत, तिथे कोणाचा जीव जात नाही. जीव जातो तो मोकळ्या रस्त्यावर वेगात, आणि लाल सिग्नलला. तिथे सायरन म्हणजे हुकूम आहे असं समजून गाडी घातली जाते. एकच भोंगा, पण दोन वेगळी कामं.


निवृत्त_पायलट | मंगळवार, दुपारी ४.००

डॉक्टरबाई एकदम बरोबर बोलल्या. पण पेशंटला सायरन लागतो की नाही हे ठरवणार कोण? ड्रायव्हर बारावी पास. त्याने बंद ठेवला आणि पेशंट दारात गेला तर नातेवाईक त्याचा खुबा मोडतील. म्हणून सगळेच वाजवतात. ज्याने पेशंट पाठवला त्या डॉक्टरने कागदावर एक ओळ लिहून दिली, 'सायरनची गरज नाही', तर ड्रायव्हरला आधार मिळेल.


बंबवाला_शेजारी | मंगळवार, सायंकाळी ७.४५

धाग्याच्या नावात बंबही आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. आमच्या शेजारी अग्निशमन दलातले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या गॅलरीत बसून ऐकलेलं.

बंबाचा मोठा शत्रू त्याच्या पोटातलं पाणी. साडेचार हजार लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन. टाकी गच्च भरलेली असेल तर निदान पाणी जागेवर राहतं. अर्धी असेल तर वळणावर ते सगळं एका कुशीला धावतं, आणि गाडी सरळ झाल्यावरही पाणी अजून वळतच असतं. टाकीच्या आत आडवे पत्रे लावलेले असतात, लाट मोडायला, तरी धक्का बसतोच. ते म्हणाले, घरी भरलेलं ताट घेऊन चालता ना, तसा चालवायचा. म्हणून आग अर्धी विझवून दुसऱ्या ठिकाणी जाताना त्यांना जास्त धास्ती असते. उन्हाळ्यात काजूच्या बागांत, माळावर आगी लागतात तेव्हा दिवसभर हेच चालू असतं, एक संपली की दुसरी.

आणि आमच्या गावातल्या वाटा तुम्हाला माहीत आहेत. दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे, वर माडाच्या झावळ्या, मध्ये कोणाची तरी कार, कारण घरापुढे अंगण फुलझाडांसाठी राखलेलं. तिथून बंब उलटा घ्यायचा म्हणजे एक जण खाली उतरून हात दाखवत चालतो. रात्री रिव्हर्समध्ये खांब पाडल्याच्या घटनाच जास्त.

अवांतर: डलासमध्ये १९९५ च्या एका अभ्यासात लाल-पांढऱ्या बंबांपेक्षा लिंबू-पिवळ्या बंबांचे अपघात बरेच कमी निघाले होते. अंधारात माणसाच्या डोळ्याला लाल रंग सगळ्यात आधी दिसेनासा होतो. हे सांगितलं तर शेजारी म्हणाले, "बंब तांबडो नसल्यार लोक ताका पाण्याचो टँकर म्हणटले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.


साखळी_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री ८.३०

सायरनची किंमत घालवली ती व्हीआयपींनी. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्या रस्त्यावर कोणाचा ना कोणाचा ताफा. १ मे २०१७ पासून लाल दिवे गेले, भोंगे कुठे गेले? दिव्यांचा तो नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत कितवा माहितीये? १०८ वा. अँब्युलन्सचा नंबरही १०८. देवाला विनोद कळतो.

(ताफ्यांमुळे अजून एक होतं. एकामागून एक सायरनवाल्या गाड्या येतात. लोक पहिलीला वाट देतात आणि ती गेली की लगेच रस्त्यावर येतात. दुसरी त्यांच्यावर. एखाद्या मोठ्या अपघाताला दोन अँब्युलन्स पाठोपाठ धावतात तेव्हाही हेच.)


संपादक_मंडळ | मंगळवार, रात्री ८.५०

राजकीय ताफ्यांवर यापुढचे प्रतिसाद उडवले जातील. विषयावर राहा.


हळसांदे_उसळ | मंगळवार, रात्री १०.१०

वाचतेय सकाळपासून, लिहू की नको करत होते.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना छातीत दुखलं. अँब्युलन्स पुढे, आम्ही मागे कारने, चारही इंडिकेटर लावून, नवरा चालवत होता. अँब्युलन्सने जो सिग्नल तोडला तो आम्हीही तोडला. लोक अँब्युलन्सला वाट देत होते आणि आम्ही त्या वाटेत घुसत होतो. मेरशीला एक मोटारसायकलवाला अँब्युलन्स गेल्यावर निघाला आणि आमच्या बॉनेटवर आला. हेल्मेट होतं म्हणून वाचला. आम्ही उतरलो तेव्हा अँब्युलन्स दिसेनाशी झाली होती. सासरे बांबोळीला पोचले, बरे झाले, आम्ही त्या दिवशी पोचलोच नाही. नवरा पोलीस स्टेशनात.

आम्ही गेलो असतो तरी कॅज्युअल्टीच्या बाहेर बाकावरच बसलो असतो.


निवृत्त_पायलट | बुधवार, सकाळी ६.२०

ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. आरशात मागे नातेवाईकांची गाडी दिसली की मला घाम फुटायचा. मी अचानक ब्रेक मारला तर ते सरळ माझ्या मागच्या दारातून आत. निघण्याआधी मी त्यांना सांगायचो, रस्ता माहीत आहे ना, मग सावकाश या, तुम्ही येईपर्यंत केसपेपरसुद्धा निघालेला नसतो. दहात दोघं ऐकायचे.


मांडवी_पूल | बुधवार, सकाळी ९.३०

कबूल करतो, सोमवारी मी जरा घाईने लिहिलं. दंड हवाच, पण अपघात दंडाने थांबणार नाहीत असं दिसतंय.

एक शंका मात्र उरली आहे. काजू, खुबा मोडलेला, माणूस शुद्धीवर, बोलत होता. डॉक्टरबाईंच्या यादीत हे कुठेच बसत नाही. मग तुमच्या ड्रायव्हरने पत्रादेवीपासून सायरन का लावला होता? हलगर्जीपणा नाही का हा?


बांद्याचा_काजू | बुधवार, रात्री ९.१५

या प्रश्नाची मी वाट बघत होतो. कोणी विचारणार नाही अशी आशाही होती.

ड्रायव्हरने लावला नव्हता. तो बांद्यापर्यंत साधाच आला. मला म्हणाला पण, दादा, आजोबांना हादरे नकोत, हळू जाऊ. अण्णा मागे कण्हत होते. मला ते ऐकवेना. मीच म्हटलं, सायरन लाव, पैसे दिलेत ना. हे शब्द माझे. मग त्याने लावला, आणि लावल्यावर गाडीचा वेग कसा चढला ते काकांनी लिहिलंय तसंच, कोणी दाबलं असं नाही, चढत गेला. सायरन सुरू झाल्यावर मला अण्णांचं कण्हणं ऐकू येणं बंद झालं. खरं तर मला तेवढंच हवं होतं.

पंचनाम्यात मी हे सांगितलं नाही. आज ड्रायव्हरला फोन करून सांगितलं की लिहून द्यायला येतो. तो म्हणाला, लाल सिग्नलला मी नाक घातलं ते माझंच, पण या. पिकअपवाल्याचा नंबर त्याच्याकडे होता, तोही लावला. त्याची बायको बोलली. पिकअप अजून पोलिसांच्या आवारात आहे आणि तो माशांच्या धंद्यात दुसऱ्याच्या गाडीवर रोजावर जातोय.

अण्णांचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चार पावलं टाकतात. काल टाके बघायला बांबोळीला नेलं. तीच अँब्युलन्स दुरुस्त होऊन आली होती, उजव्या बाजूचा पत्रा अजून रंगवायचाय. ड्रायव्हरही तोच. सायरन नव्हता. त्या सिग्नलला लाल लागला आणि आम्ही सगळ्यांसारखे थांबलो. चौऱ्याण्णव सेकंद होते, आकडा उलटा मोजत होता. अण्णांनी मागून विचारलं, "पोचलो काय रे?"

म्हटलं, नाही, सिग्नल लागलाय.

"मग लाग दे," म्हणाले आणि आत्याकडे पाणी मागितलं. आत्याने पट्टा न सोडता बाटली पुढे केली, हात पुरेना, तर सोबतच्या पोराने प्लास्टर नसलेल्या हाताने ती पोचवली.